न पेटलेल्या आगी

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात ‘चोर’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. चोर नव्हते म्हणून? छे, चोर चिक्कार होते! पण घरात चोर शिरला की लोक ओरडत, “आग! आग!” मग शेजारीपाजारी पाण्याच्या घागरी घेऊन धावत येत आणि चोर पळून जाई.

‘चोर’ म्हणून ओरडलं तर शिपाई येत, आणि खरी भीती त्यांचीच होती. चोर सापडेपर्यंत ओरडणाऱ्यालाच चावडीपुढच्या काळ्या दगडावर बसवून ठेवायचं, असा त्यांचा रिवाज होता. चोर काही सापडत नसे.

गोजरा विणकरणीच्या नवऱ्यानं एकदा तो शब्द उच्चारला होता. उन्हापावसात दगडावर बसून तो तापानं फणफणला, आणि घरी आला तो चौघांच्या खांद्यावरूनच. तेव्हापासून शिपायाची चाहूल लागली की गोजराचा हात आपोआप कडीकडे जाई.

एकदा राजाच्या ध्यानात आलं, की आपल्या राज्यात चोरी एकही होत नाही, आगी मात्र रोज लागतात आणि राख कुठेच दिसत नाही. त्यानं जुन्या कोतवालाला घरी बसवलं आणि नवा नेमला.

नव्या कोतवालानं शिपायांना नवी पागोटी दिली, गोड बोलायला शिकवलं आणि काळ्या दगडाचा रिवाज बंद झाल्याची दवंडी पिटवली. कालपर्यंत “ए म्हातारे” म्हणून खेकसणारा जमादार आता “राम राम, मावशी” म्हणू लागला. गोजराला त्याची उलट जास्तच धास्ती वाटली.

“एवढं गोड बोलतोय म्हणजे याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे,” ती लेकीला म्हणाली. “कडी लाव आधी.”

एके दिवशी कोतवाल स्वतः तिच्या दारी आला. तिनं फटीतूनच पाण्याचा तांब्या पुढे केला.

“बाई, ‘आग’ म्हणून ओरडलं की शेजारी येतात,” कोतवाल म्हणाला. “मग ‘चोर’ म्हटल्यावर का येत नाहीत?”

“तेव्हा तुमचे शिपाई येतात ना!” गोजरा म्हणाली, आणि रिकामा तांब्या आत घेऊन तिनं दार लावून टाकलं.

गोजरानं लेकीच्या लग्नासाठी वर्षभर खपून एक शालू विणला होता. बाजाराच्या दिवशी भर दुपारी ती घरी परतली, तर मागच्या दारानं जमादार बाहेर पडत होता. त्याच्या काखेत शालूचं गाठोडं होतं. ‘आग’ हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला. पण शेजारी धावून आले तर शालूवर घागरी ओततील आणि त्याचा रंग वाहून जाईल! आता दुसरा शब्द एकच उरला होता.

“चोर! चोर!”

गल्लीभर खाडखाड कड्या लागल्या. शिपाई मात्र धावत आले. जमादार हसून म्हणाला, “म्हातारीला भ्रम झालाय. गाठोडं मला रस्त्यात सापडलं. बसवा तिला दगडावर!” सवयीनं दोघा शिपायांनी गोजराचे दंड धरले. शेवटी दवंडी खोटीच, असं तिला वाटलं.

तेवढ्यात कोतवाल आला. “सोडा तिला,” तो म्हणाला. “त्याला बांधा.”

शिपाई एकमेकांकडे पाहत राहिले. तेव्हा कोतवालानं स्वतःचं पागोटं सोडलं आणि त्याच कापडानं जमादाराचे हात बांधले. मग तो गोजराला म्हणाला, “बाई, शालू घेऊन घरी जा. चोरीचा आळ माझ्या माणसावर आहे. निवाडा होईपर्यंत दगडावर मी बसतो.”

गोजराचा विश्वास बसला नाही. सगळं सोंग आहे, ऊन चढलं की उठेल, असं म्हणत ती रोज काही ना काही निमित्त काढून चावडीवरून जाई. जमादाराचा मेहुणा दरबारात मानकरी होता, त्यामुळे निवाडा लांबत होता. कोतवाल बोडक्या डोक्यानं तिथेच बसलेला असे. त्याच्या कपाळाची कातडी सोलून निघाली होती.

गल्लीतले सगळे हे पाहत होते, दारांच्या फटींतून का होईना. अखेर एक शेजारी आपण होऊन चावडीवर आला. त्यानं जमादाराला गोजराच्या घरात शिरताना पाहिलं होतं. त्याच्या साक्षीवर जमादाराची नोकरी गेली आणि तो तुरुंगात गेला.

त्या दिवशी गोजरा तांब्या घेऊन दगडापाशी आली. तिचा माणूस त्या दगडावरून उठला नव्हता. तिला रडू आवरेना.

“उठा आता,” ती म्हणाली. “घरी वाट बघत असतील.”

पुढे एकदा पलीकडच्या गल्लीतून ओरडा आला, “चोर! चोर!” लगेच खाडखाड कड्या वाजल्या. गोजराचा हात आपल्या कडीकडे गेला. पण तिनं नीट कान दिला, तर या वेळी कड्या उघडत होत्या.

तात्पर्य : रक्षणकर्त्यांवरचा विश्वास दवंडी पिटून येत नाही, ते आपल्या माणसाचाही गुन्हा झाकत नाहीत हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, की मगच तो येतो.