वीस पुड्या आणि ओढ्यापलीकडचे घर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आश्विन वद्य दशमी, सकाळचा दुसरा प्रहर. एका गावच्या चावडीपुढे, भर उन्हात, नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. तिचे नाव ठकू. तिच्यावर आरोप असा की तिने एका म्हाताऱ्याला मूठभर मीठ दिले.

होय, दिले. चोरले नव्हते. आणि तेवढ्यासाठी पाच पंच पागोटी बांधून बसले होते.

हकीकत अशी. ठकूची आई पळसाच्या पत्रावळी लावून घर चालवी. दसरा झाला की आळीतली पोरे अंगणात येऊन तिचे डोके खात. "काकू, दिवाळीला किती दिवस राहिले?" दिवसातून दहा वेळा! त्या वर्षी तिने पळसपानांच्या वीस लहान पुड्या केल्या, काडीने टाचल्या आणि अंगणात दोरीवर ओळीने टांगल्या.

"रोज सकाळी एकानं एक पुडी उघडायची," ती म्हणाली. "पुड्या संपल्या की दिवाळी. पण पुडीत जे निघेल, ते ज्या घरात नाही त्या घरात नेऊन द्यायचं. कोणाला सांगायचं नाही आणि बदल्यात काही घ्यायचं नाही."

"चकलीसुद्धा नाही?"

"चकलीसुद्धा नाही."

पोरांनी तोंडे वाकडी केली, पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळी दोरीखाली हजर होती.

पंधराव्या दिवशी पाळी ठकूची. तिच्या पुडीत चिमूटभर मीठ निघाले. चिमटीने कोणाचे काय भागणार, म्हणून तिने आईकडून मूठभर मागून घेतले आणि घरे पालथी घातली.

"मावशी, तुमच्याकडे मीठ आहे?"

"आहे की गं. हवंय का?"

"नको!"

मीठ नसलेले घर काही सापडेना. उरले फक्त ओढ्यापलीकडचे. तिथे एक म्हातारा कुंभार एकटाच राही. अकरा वर्षांपूर्वी गावाने त्याला वाळीत टाकले होते. त्याला दुकानातून मीठ नाही, शेजारून विस्तव नाही, विहिरीवर पाणी नाही. पोरांना मोठी माणसे एवढेच सांगत, तिकडे जायचे नाही. का, ते कोणी सांगत नसे.

ठकू ओढा ओलांडून गेली. कुंभार तिला पाहून दचकला.

"पोरी, आल्या पावली माघारी जा. कोणी पाहिलं तर तुझ्या आईलाही वाळीत टाकतील."

"पण आजोबा, तुमच्याकडे मीठ आहे का?"

म्हाताऱ्याने रिकामे मडके उपडे करून दाखवले. मग म्हणाला, "नाही."

"मग झालं तर," ठकू म्हणाली आणि तिने पुडी उंबऱ्यावर ठेवली.

कोणीतरी पाहिलेच. घटका भरायच्या आत ती चावडीपुढे होती.

"कोणाच्या सांगण्यावरून गेलीस?" पाटील गरजला.

"पुडीच्या."

लोक हसले. पाटलाने काठी आपटली. "वाळीत टाकलेल्याला जो मीठ, विस्तव, पाणी देईल, तोही वाळीत. नियम म्हणजे नियम! आज दिवस मावळल्यापासून हिच्या आईची पत्रावळ गावात कोणी घेणार नाही."

ठकूने आईकडे पाहिले. आईने पदर तोंडाशी धरला होता. पत्रावळ खपली नाही तर घरात दाणा यायचा नव्हता. ठकू पाटलाकडे वळली.

"पाटीलबाबा, कुंभारआजोबांनी काय केलं होतं?"

"फुटका रांजण दिला होता," एक पंच म्हणाला.

"छे, देवळात उलट बोलला होता," दुसरा म्हणाला.

"बांधाचं काहीतरी होतं," तिसरा पुटपुटला. चौथ्याने कानावर हात ठेवले. पाचवा घोरत होता.

"काय केलं ते सोडा!" पाटील ओरडला. "नियम मोडला का, तेवढं बघा."

तेव्हा लोहाराचा पोरगा पुढे आला. "मग मीपण मोडलाय. माझ्या पुडीत दोराचा तुकडा निघाला. त्यांना विहीरच बंद, नुसता दोर काय कामाचा? म्हणून मी अंधारात त्यांच्या दारात पाण्याची घागर ठेवून पळालो."

"माझ्या पुडीत सुकी ढलपी होती, तिच्यासोबत मी विस्तवही ठेवून आले," सुताराची मुलगी म्हणाली.

"मी चिंच नेली. चिंचेला नियम आहे का हो?"

बघता बघता बारा पोरे ठकूच्या शेजारी उभी राहिली. ज्या घरात काहीच जाऊ दिले नव्हते, तिथेच एकेकाची पुडी जाऊन पोचली होती. शेवटी पाटलाच्या पाठीमागून त्याची लाडकी नात यमू बाहेर आली.

"आबा, माझ्या पुडीत वात होती. नुसती वात कशी देणार? म्हणून आपल्या देवघरातलं तेलही नेलं."

गर्दीतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लावा की नियम, पाटील! आपल्या घरापासून सुरुवात करा. सगळं गाव वाळीत गेलं की मग आम्हाला वाळीत टाकायला त्या कुंभारालाच बोलवा!"

चावडी हसून हसून दणाणली. घोरणारा पंचही जागा झाला. पाटलाने यमूकडे पाहिले, काठी खाली ठेवली आणि म्हणाला, "बहिष्कार उठला."

पोरे आरोळ्या ठोकत ओढ्याकडे पळाली. त्यांच्यामागून मोठी माणसेही गेली, मान खाली घालून. कुंभार पुन्हा विहिरीवर पाणी भरू लागला. ठकूच्या आईच्या पत्रावळी त्या दिवाळीत पुरल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी विसावी पुडी उघडली, तीत गुळाचा खडा होता. पोरे गावभर फिरली, पण गूळ नसलेले घर त्या दिवशी एकही सापडले नाही. तेव्हा त्यांनी तो खडा आपसांत वाटून खाल्ला.

तात्पर्य: देण्यासाठी समोरच्याची गरज पुरते, गावाची परवानगी लागत नाही.

त्या अकरा वर्षांतल्या सहाव्या वर्षी कुंभाराची बायको तापाने फणफणून वारली. ओढा आटलेला, विहीर बंद; सात दिवस ती पाणी मागत होती आणि तिची हाक ओढ्याच्या अलीकडे ऐकू येत होती. त्याचा जाब अजून कोणीही दिलेला नाही.