भिंगरीचं लाल अंथरूण

भिंगरी उंदरी होती एवढीशी. बोराएवढी. तिचं होतं गवताचं अंथरूण. एक दिवस वासरू आलं. मचमच मचमच! सगळं अंथरूण खाऊन टाकलं.

भिंगरीला थंडी वाजली. हुडहुड हुडहुड!

ती गेली बायजाकाकूकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बायजाकाकू जुन्या लोकरी कपड्यांच्या नव्या वस्तू शिवायची.

"काकू, काकू, अंथरूण शिव ना!"

"शिवते गं बाय. बाजारातून हा जुना लाल स्वेटर आणलाय. पण वीण आहे सैल. कापला तर उसवेल. आधी तो घट्ट आटू दे."

भिंगरी गेली स्वेटरकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"स्वेटरदादा, स्वेटरदादा, आट ना! काकू शिवेना, मी झोपू कुठे?"

"मी नाही आटत. पाणी तापलं तर आटेन."

भिंगरी गेली पाण्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"पाणीताई, पाणीताई, ताप ना! स्वेटर आटेना, काकू शिवेना, मी झोपू कुठे?"

"मी नाही तापत. चूल पेटली तर तापेन."

भिंगरी गेली चुलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"चूलमावशी, चूलमावशी, पेट ना! पाणी तापेना, स्वेटर आटेना, काकू शिवेना, मी झोपू कुठे?"

"मी नाही पेटत. जांभळानं काटक्या टाकल्या तर पेटेन."

भिंगरी गेली जांभळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"जांभूळआजोबा, जांभूळआजोबा, काटक्या टाका ना! चूल पेटेना, पाणी तापेना, स्वेटर आटेना, काकू शिवेना, मी झोपू कुठे?"

"मी नाही टाकत. वारा हलला तर टाकेन."

भिंगरी गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु... तुरुतुरु... पाय दुखले.

"वारेमामा, वारेमामा, हल ना! जांभूळ काटक्या टाकेना, चूल पेटेना, पाणी तापेना, स्वेटर आटेना, काकू शिवेना, मी झोपू कुठे?"

वारा हलेना. तो गवतात गाढ झोपला होता.

आता कुणाला सांगायचं? भिंगरीला रडू आलं. मुसमुस मुसमुस.

मग तिनं डोळे पुसले. वाऱ्याच्या कानाशी गेली. गाल फुगवले.

"फूऽऽ!"

एवढीशी फुंकर! वाऱ्याला झाल्या गुदगुल्या.

"खी खी खी! उठलो, उठलो!"

वारा हलला. सळसळ!
जांभळानं काटक्या टाकल्या. टपटप!
चूल पेटली. भडभड!
पाणी तापलं. खदखद!

काकूनं स्वेटर पाण्यात बुडवला. साबण लावला. चोळ चोळ चोळला. स्वेटर आटला, आटला, आटला. झाला घट्ट. झाला जाड. उन्हात वाळला.

कात्री चालली. कचकच!
सुई चालली. सुर्र सुर्र!
झालं पिशवीसारखं लाल अंथरूण!

"ये गं बाय, मावतेस का बघू."

भिंगरी आत शिरली. आधी नाक. मग पोट. मग लांबलचक शेपूट.

"ऊब लागतेय का गं?" काकूनं हळूच विचारलं.

'हो' म्हणायला भिंगरीनं तोंड उघडलं.

पण आली जांभई. आणि मग आली झोप.