जेलचं नख

“विषारी आहे की नाही, एवढंच सांगा, चाचा.”

दस्तगीरचाचांनी वर पाहिलं नाही. सरोद मांडीवर होतं. खुंटी पिळली, तार चढवली, पुन्हा थोडी उतरवली. म्हाताऱ्यांचं हे एक असतं. आपण जीव तोडून विचारावं आणि त्यांनी खुंटी पिळावी.

“काय विषारी?”

“हे.”

ओजसनं डावा हात पुढे केला. तर्जनी आणि मधलं बोट. दोन्ही नखांवर काचेसारखा जाड, चकचकीत थर. नखांच्या कडेची आणि टोकाखालची कातडी लाल, सुजलेली. त्यावर पाण्याचे बारीक फोड.

सरोदला सतारीसारखे पडदे नसतात. पोलादी पट्टीवर तार नखाच्या कडेनं दाबायची आणि सरकवायची. नख गेलं की सूर गेला. ओजसची नखं मुळात मऊ, कागदासारखी. तासाभरात तार त्यात खाच पाडायची. म्हणून दिवाळीनंतर तो सांगलीला गेला आणि पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानातून जेल नेलपॉलिशची बाटली आणि ते सुकवायचा जांभळा दिवा घेऊन आला. दुकानदारानं विचारलं, बहिणीसाठी का? हो म्हणाला. त्याला बहीण नाही.

“दुखतं?”

“खाजतं. मग आग होते.”

“आणि वाजवतोस?”

“वाजवतोच आहे. उरूस शुक्रवारी आहे, चाचा.”

उरुसाच्या मैफलीत दरवर्षी चाचा वाजवायचे. या वर्षी त्यांनी समितीला सांगितलं, माझ्या जागी माझा शिष्य, हा पोरगा बसेल. समितीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. कॉलेज अर्धवट सोडलेलं कार्टं, ते काय वाजवणार? हे तेच म्हातारे, जे पहिल्या रांगेत बसून घोरतात आणि शेवटी उठून ‘वाहवा’ म्हणतात.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना. त्या म्हणाल्या, आजपासून बंद. हा थर उद्या त्या काढून देणार. अंगानं एकदा हे ओळखलं की जन्मभर विसरत नाही म्हणे. पुढे कधी दातात काही भरायचं झालं तरी आधी सांगावं लागेल. त्यातही याच जातीचं काहीतरी असतं.”

“मग माझ्याकडे कशाला आलास? मी काय मलम विकतो?”

“डॉक्टर लोक घाबरवतात. मीही वाचलंय. दोन वर्षं केमिस्ट्री केलीय. कॉलेज सोडलं, डोकं नाही सोडलं. माझी बाटली हेमा-फ्री आहे.”

“हेमा कोण?”

“रसायन आहे, चाचा. या जेलमध्ये कातडीला सगळ्यात जास्त तेच बाधतं. ते यात नाही. टीपीओ नावाचं दुसरं एक असतं, तेही नाही, ज्याच्यावर युरोपात बंदी आलीय. बाटलीवर छापलंय सगळं.”

“हेमा नाही. बरं. मग आहे कोण बाटलीत?”

“...तिची भावंडं.”

“हां.”

“पण ती इतकी बाधत नाहीत!”

“मग फोड कुणाला आले? बाटलीला?”

ओजसनं हात मागे घेतला. चाचांच्या घरात हे नेहमीचं होतं. प्रश्न घेऊन यायचं आणि टोमणा घेऊन जायचं.

“हे बघा, सरळ बोला. विषारी असेल तर हो म्हणा, आत्ता घरी जाऊन फेकतो. नसेल तर दुसऱ्या कंपनीचं महागातलं आणतो आणि शुक्रवारी वाजवतो. हो किंवा नाही. तुम्ही लोक कधी सरळ बोलतच नाही.”

“तुम्ही लोक म्हणजे कोण?”

“म्हातारे.”

चाचा हसले.

“बरं. मग मला शिकव.”

“काय?”

“हे जेल. काय होतं त्याचं? मी अडाणी माणूस.”

हे खोटं होतं. चाचा अडाणी नव्हते, लबाड होते. पण ओजसला शिकवायला आवडायचं. कॉलेजात त्याला कुणी कधी फळ्यापाशी बोलावलं नव्हतं.

“बाटलीत असतं तेव्हा मधासारखं असतं. बारीक कण, सुटे सुटे. दिव्याखाली धरलं की ते एकमेकांचे हात धरतात. साखळ्या होतात. घट्ट बसतात. एकदा घट्ट बसले की फारसा त्रास नाही.”

“आणि सुटे असताना?”

“सुटे असताना कातडीत शिरतात.”

“म्हणजे उजेड मिळाला की शहाणे होतात.”

“तसं समजा.”

“उजेड सगळ्या कणांपर्यंत पोचतो?”

“थर पातळ असला तर. आणि दिवा त्या जेलसाठीच बनवलेला असला तर.”

“तुझा दिवा?”

“दुकानात होता तो घेतला. स्वस्त.”

“आणि थर?”

“जाड.”

“का बरं?”

“पातळ थर तार उडवते, चाचा! पार्लरमधल्या बाया नुसत्या नखावर लावतात. कातडीपासून केसभर दूर ठेवतात. त्यांना कुठं तार दाबायचीय? मला पुढची कड मजबूत पाहिजे. म्हणून मी जेल टोकावरून खाली उतरवतो. नखाच्या आतल्या अंगाला, पार मांसापर्यंत. जास्तीचं अंगठ्यानं पुसून टाकतो. मग दिवा लावतो.”

“दिवा कुठून?”

“वरून.”

“आणि जेल?”

ओजसनं तोंड उघडलं.

“...खालून,” तो म्हणाला.

खाली गल्लीत कुणीतरी तंबोऱ्याचा भोपळा घासत होतं. खर्र... खर्र... मिरजेच्या त्या गल्लीत दुपारभर हाच आवाज असतो, एरवी कुणाला ऐकूही येत नाही.

ओजस आपल्याच बोटांकडे बघत राहिला. वरून काच, खाली मध. नख आणि मांस यांच्यामध्ये, जिथे उजेड शिरणारच नव्हता, तिथे तो आठवडेच्या आठवडे कच्चं रसायन भरत होता. थर झिजला की घासून भुकटी करायची, फुंकर मारायची, वर नवा थर. आणि मग तेच बोट तारेवर दाबून तासन्‌तास रियाज. आत, आणखी आत.

दोन वर्षं केमिस्ट्री केलेला माणूस.

“बाटलीचा दोष नाही,” तो हळूच म्हणाला. “निदान सगळा नाही. मीच...”

चाचांनी खुंटी पिळली. आणि त्या खुंटी पिळण्याचाच ओजसला राग आला.

“नाही. मीच का?”

चाचांनी तार पुन्हा थोडी उतरवली.

“जाड थर मला का लागला? सांगा ना! सगळ्या पोरांसमोर कोण म्हणालं होतं, कापूस पिंजतोस का रे, म्हणून? आठवतंय? पोरं आठवडाभर मला पिंजारी म्हणत होती. दर तालमीत तेच. आवाज कुठाय, धार कुठाय, ओज्या, जेवून आला नाहीस का. एकदा तरी म्हणालात, बोट दाखव? नख कसलं आहे तुझं, बघू दे? एवढी वर्षं माझा सूर ऐकलात. हाताकडे एकदा बघितलं नाहीत.”

चाचांची बोटं खुंटीवरच थांबली.

“तुमचं नख शिंगासारखं आहे. जन्मतःच. त्यात तुमची काय कमाई? त्याच्यावर उस्ताद झालात आणि आम्हाला म्हणता, रियाज कमी पडतो.”

बोलून झाल्यावर ओजसला आपला श्वास ऐकू आला. असं बोलल्यावर या घरातून लोक कायमचे बाहेर गेले होते. तो उठायच्या बेतात बसला, एक पाय मोकळा करून.

खालचं घासणं थांबलं होतं. चहाची वेळ झाली असावी.

चाचांनी वाद्य मांडीवरून उतरवलं, भिंतीला टेकवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले. भिंतीतल्या फडताळात चाचपडले आणि नेलकटर घेऊन परत येऊन बसले.

“नको,” ओजस म्हणाला. “उद्या डॉक्टरीणबाई काढणारेत. ओरबाडायचं नाही, कापायचं नाही म्हणाल्यात.”

“तुझं कोण कापतंय?”

चाचांच्या डाव्या हाताची नखं मिरजेत सगळ्यांना ठाऊक होती. जाड, पिवळट, टोकाशी तासून घेतलेली. त्या हातानं ते कडी काढत नसत, संत्रं सोलत नसत. चाची भांडताना भांडी आपटायच्या, पण त्या हातापासून लांब आपटायच्या.

कट्.

तर्जनीचं नख चटईवर पडलं.

“चाचा!”

कट्. मधल्या बोटाचं.

“काय करताय! वेडे झालात का? मी नाही वाजवलं तर शुक्रवारी तुम्हीच बसणार होतात ना?”

“बसणार होतो.”

कट्. तिसरं. मांसाला लागून कापलं, जरा जास्तच. रक्ताचा एक बारीक ठिपका आला. चाचांनी तो सदऱ्याला पुसला.

मग त्यांनी वाद्य पुन्हा मांडीवर घेतलं. उजव्या हातात जवा धरला, नारळाच्या करवंटीचा तुकडा, ज्यानं तार छेडतात. डाव्या बोटाचं उघडं मांस तारेवर ठेवलं, दाबलं आणि छेडलं.

सूर आला. बुजलेला, दमट, मध्येच गळून पडलेला.

चाचांनी मान तिरकी करून तो संपेपर्यंत ऐकला. पुन्हा छेडला. पुन्हा तसाच.

“बाप रे,” ते म्हणाले. “किती वाईट वाजवतो मी.”

ओजसला हसू आलं. ते दाबायला गेला तर डोळ्यात पाणी आलं, म्हणून हसूनच घेतलं.

“दाखव,” चाचा म्हणाले.

“काय?”

“बोट.”

ओजसनं हात दिला. चाचांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नेला. चष्मा कपाळावर सरकवला. एक एक फोड बघितला. नख वरून बघितलं, मग हात उलटा करून खालून बघितलं. बराच वेळ बघितलं. माफी वगैरे मागणं त्यांच्या पिढीला जमत नाही, आणि ओजसनं ती मागितलीही नाही.

खाली भोपळ्याची खरखर पुन्हा सुरू झाली.

“दिवा आणि बाटली घरी पडून आहे,” ओजस म्हणाला. “पार्लरवाल्या एका ताईला देऊन टाकतो. तिला पातळ लावता येतं.”

“दे. दिवा मात्र जेलच्या जोडीचा वापर म्हणावं. आणि अंगठ्यानं पुसू नको म्हणावं.”

“तिला माहीत असेल.”

“तुलाही माहीत होतं.”

ओजसनं मान हलवली.

“समितीला काय सांगायचं?”

“मी सांगतो. शुक्रवारी दुसरा कुणी वादक बसवा म्हणतो. आपण दोघं पहिल्या रांगेत बसू. समितीतल्या त्या म्हाताऱ्यांना घोरू द्यायचं नाही, एवढंच काम.”

“म्हणतील, पोरानं टाळलं.”

“म्हणू देत. माझीही नखं दाखवीन. पोराचं नाव खोडू नका, पुढच्या उरुसाला तोच बसेल, असं लिहूनच घेतो त्यांच्याकडून.”

पुढच्या उरुसाला. वर्ष होतं मध्ये. ओजसनं चटईवर पडलेली तीन नखं वेचली आणि तळहातावर घेतली. खरंच शिंगासारखी होती. मग त्यानं आपल्या बोटांकडे बघितलं.

“माझं नख येईल, चाचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल. पण मऊच येणार. कागदच. आणि जेल आता जन्मभर नाही. अॅक्रिलिकही नाही, तेही त्याच जातीचं.” त्याच्या आवाजातला राग गेला होता, नुसता प्रश्न उरला होता. “मऊ नखानं सरोद वाजवतात कसं?”

चाचांनी उघडं बोट पुन्हा तारेवर ठेवलं. आधीच्या जागेपासून जरासं सरकवलं. छेडलं नाही.

“मला कुठं माहीत आहे?” ते म्हणाले. “म्हणून तर कापली.”