पहिल्या संध्याकाळचे रसगुल्ले

हिमालयाच्या एका उतारावर, देवदारांच्या बनाला लागून, एका वृद्ध आचार्यांचा लहानसा आश्रम होता. उन्हाळ्यात तिथे शिबिरे भरत. हिवाळ्यात मात्र आचार्य, त्यांची शिष्या सुमेधा आणि दोन-चार साधक एवढेच मागे राहत. एका वर्षी पौषात इतका बर्फ पडला की विजेच्या तारा तुटल्या. आश्रमातला स्वयंपाक विजेच्या शेगडीवर होई, त्यामुळे उरली ती फक्त चहापुरती लहानशी चूल. सर्वांनी भिजवलेल्या पोह्यांवर दिवस काढले. तक्रार कोणीच केली नाही. पण सुमेधाने मनाशी ठरवले की अशी वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

पुढच्या वर्षी दसरा झाल्याबरोबर ती खालच्या गावी गेली आणि उघडून तसेच खाता येतील असे तयार अन्नाचे डबे घेऊन आली. राजमा, छोले, डाळ, खिचडी, भाज्या. कोठीघरातल्या फळ्यांवर तिने ते फार विचारपूर्वक लावले. लवकर खराब होणारे पुढे, टिकणारे मागे. रोज माणशी किती द्यायचे, पाहुणे आले तर किती वाढवायचे, हे सगळे तिच्या डोक्यात पक्के होते. दुकानदाराने आग्रह केला म्हणून तिने रसगुल्ल्यांचेही काही डबे घेतले होते. ते तिने सर्वांत वरच्या फळीवर ठेवले. सगळे संपत आले, मन खचले, तर शेवटच्या दिवशी ते काढायचे असा तिचा विचार होता.

आचार्यांनी कोठीघर पाहिले आणि ते म्हणाले, "सुंदर लावलंस. आता हिवाळा खुशाल येऊ दे."

हिवाळा आला, आणि एकटा आला नाही. ज्या दुपारी बर्फ कोसळू लागला त्याच दुपारी यात्रेकरूंची एक लहान बस घाटात अडकली. आतली माणसे बर्फ तुडवत आश्रमाच्या दाराशी आली. बहुतेक सांगली-तासगावकडची होती. त्यांत विश्वनाथ शेटे नावाचे बेदाण्याचे एक व्यापारी होते. सोबत त्यांची पत्नी, दोन लहान मुली आणि म्हातारी आई. आईला सगळे आक्का म्हणत. सर्वांना घोंगड्या मिळाल्या, चहा मिळाला. मंडळी जरा सावरतात तोच दिवे गेले.

अंधार झाला तशी माणसे बदलली. मघाशी एकमेकांना हात देऊन चढलेली माणसे आपापल्या कुटुंबाजवळ सरकून बसली. प्रत्येकाने आपली पिशवी मांडीखाली ओढली. शेटे उठून सुमेधाजवळ आले.

"ताई, कोठीत माल किती आहे?"

"पुरेल," सुमेधा म्हणाली. "जपून वापरला तर रस्ता मोकळा होईपर्यंत पुरेल."

"जपून म्हणजे?"

सुमेधा खरे बोलणारी होती. "म्हणजे रोज थोडं थोडं."

तिचा शब्द दालनभर पसरला. कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, वाटप सगळ्यांसमोर व्हायला हवे. कोणी म्हणाले, कोठीची किल्ली एकट्याकडे असू नये. कंदिलाच्या उजेडात सुमेधाने थंड राजमा मोजून वाढला. सगळे जेवताना शेजारच्याच्या ताटाकडे पाहत राहिले.

आक्कांनी मात्र आपले ताट हळूच नातींकडे सरकवले.

"आक्का, खा की थोडं," शेटे म्हणाले.

"मला भूक नाही रे."

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"म्हाताऱ्या माणसाला कितीसं लागतंय? पोरींना दे."

शेट्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिले. आक्का ढिम्म हलल्या नाहीत. त्यांचे ओठ थंडीने निळसर पडू लागले होते. आपण खाल्लेला घास नातींच्या वाट्यातून जाणार, हे त्यांच्या मनाने घेतले होते. शेट्यांचा चेहरा उतरला. कामगारांवर आवाज चढवणारा तो माणूस आईसमोर हात जोडून बसला, तरी उपयोग होईना.

आचार्य हे सारे पाहत होते. ते उठले आणि कोठीघरात गेले. सुमेधा कंदील घेऊन मागोमाग आली.

"ते वरचे डबे काढ," ते म्हणाले.

"रसगुल्ल्यांचे? आचार्य, ते शेवटच्या दिवसासाठी ठेवलेत."

"शेवटचा दिवस कोणता, हे तुला कळणार आहे का?"

"नाही."

"मग काढ. सगळेच काढ."

सुमेधाला काही समजेना. जिथे घासाघासाचा विचार चालला आहे, तिथे पहिल्याच संध्याकाळी मिठाई उधळायची? पण गुरूंची आज्ञा मोडवेना. तिने डबे उतरवले. आचार्यांनी ते चुलीवरच्या गरम पाण्यात ठेवले, पाक कोमट होऊ दिला आणि मग मोठ्या परातीत सारे रसगुल्ले ओतून ती परात स्वतः दालनात नेली.

माणसे बघतच राहिली. आचार्य सरळ आक्कांसमोर जाऊन बसले.

"आक्का, आमच्याकडे रीत आहे. पाहुणे आले की पहिल्या दिवशी गोड. घरातल्या वडीलधाऱ्यांनी खाल्ल्याशिवाय बाकीच्यांना वाढता येत नाही. ही सगळी मंडळी तुमच्यासाठी खोळंबली आहेत."

आक्कांनी परातीकडे पाहिले. मग सुनेकडे, नातींकडे. "एवढं सगळं आजच?" त्यांनी विचारले.

"आजच."

"म्हणजे उद्याचं आहे तुमच्याकडे."

"आहे."

आक्कांनी रसगुल्ला उचलला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. कोमट पाक वाटीने प्यायल्या. परात पुढे सरकली. शेट्यांनी अख्खा रसगुल्ला तोंडात घालून दाबला मात्र, आणि पाकाची चिळकांडी थेट आचार्यांच्या पांढऱ्या दाढीवर उडाली. शेटे ओशाळून शालीच्या टोकाने ती दाढी पुसू लागले.

"राहू द्या हो," आक्का म्हणाल्या, "ह्याला पहिल्यापासून नीट खाता येत नाही. स्वतःच्या लग्नात जिलबीचा पाक सासऱ्याच्या फेट्यावर सांडला होता ह्यानं."

आधी शेट्यांची पत्नी हसली. मग मुली हसल्या, आणि मग सगळे दालनच हसू लागले. खुद्द आचार्य डोळे पुसत हसत होते. हसता हसता कोणीतरी आपल्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. कोणी कडक भाकरी काढल्या, कोणी चिवडा. शेटे जरा घुटमळले. मग त्यांनी घोंगडीखालून एक जड पिशवी ओढली आणि सुमेधापुढे ठेवली.

"बेदाणे आहेत, ताई. वाटेत ओळखीच्या लोकांना द्यायला आणले होते. मघाशी सांगायला हवं होतं मी. कोठीत ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश निवळले होते. सुमेधा आणि आचार्य दारासमोरचा बर्फ सारत होते. आत मंडळींनी आपण होऊन कामे वाटून घेतली होती. आक्का उन्हात बसून नातींच्या वेण्या घालत होत्या.

सुमेधाने फावडे टेकवले. "आचार्य, मी इतका विचार करून साठा केला. त्यात चूक कुठे झाली?"

"चूक? तुझी काही चूक नव्हती," आचार्य म्हणाले. "तू भुकेचा साठा केलास आणि तो चोख केलास. पण काळोख झाल्यावर पहिल्या संध्याकाळी भूक येत नाही, भीती येते. घाबरलेला माणूस आपल्याजवळचं लपवतो, नाहीतर आक्कांसारखा खायचंच सोडतो. तू राजमा मोजून वाढलास, तेव्हा लोकांनी त्यात उद्याची टंचाई पाहिली. रसगुल्ले पाहिले आणि त्यांना वाटलं, ज्याच्या घरी आज गोड आहे त्याच्या घरी उद्या जेवण असणारच. शेवटच्या दिवसाला गोडाची गरज नसते गं. त्या दिवशी रस्ता मोकळा होतो, तेच पुष्कळ गोड असतं."

"आणि बाकीचं पुरलं नसतं तर?"

आचार्य हसले. "तुझं गणित मला ठाऊक आहे. ते चुकत नाही. तू नीट साठवलंस म्हणून तर मला उधळता आलं. माझा मोठेपणा काल तुझ्या फळ्यांवर उभा होता."

सुमेधाने फावडे उचलले आणि ती पुन्हा बर्फ सारू लागली, पण मघापेक्षा तिचा हात हलका चालला होता.

त्यानंतरचे सारे दिवस डाळ-खिचडीवर गेले. वाटप मोजूनच झाले, पण आता शेजारच्या ताटाकडे कोणी पाहिले नाही. दुपारी उन्हात भजने होत आणि आक्का आपल्या लेकाच्या खोड्या रंगवून सांगत. आपल्याकडचे बेदाणे खिचडीत घालावेत, असे शेट्यांनी सुचवले. त्यांना प्रथम विरोध झाला आणि नंतर दाद मिळाली.

आणि एका दुपारी, सगळे पंगतीला बसलेले असताना, डोक्यावरचे दिवे अचानक लागले. पुरुष मंडळी बंद पडलेले फोन चार्जिंगला लावायला उठू लागली. शेटेही अर्धे उठले होते, तोच आक्कांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवले.

"आधी जेवण होऊ दे," त्या म्हणाल्या. "चांगली रंगलीय पंगत."

शेटे बसले. मग एकेक करून बाकीचेही बसले, आणि सुमेधा खिचडीचे भांडे घेऊन पुन्हा वाढायला निघाली.

आपणही अडीअडचणीसाठी घरात पुष्कळ काही भरून ठेवतो. वेळ आली की त्यातले चांगले आधी काढावे, म्हणजे उरलेलेही पुरते.