न उडालेली उर्मिला

एका माळावर विमान चालवायला शिकवणारी लहानशी शाळा होती, आणि त्या शाळेत सखाहरी नावाचा एक भोळा कारकून होता. कोण किती वेळ उडालं हे तो आधी जाड वहीत लिहायचा, मग कॉम्प्युटरवर चढवायचा. अक्षर सुरेख. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा, आणि सगळा घोळ तिथेच होता.

त्या आठवड्यात तिथे शिकणाऱ्या उर्मिला गावितचे लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे दोनशे तास भरत आले होते. दीडच तास उरला होता. शुक्रवारी सरकारी तपासनीस बाई नोंदी बघणार होत्या. नोंदी पुऱ्या असतील तर लायसन्स.

"काका, माझी तीन वर्षं तुमच्या वहीत आहेत हं," उर्मिला म्हणाली.

सखाहरीने वही छातीशी धरली.

सोमवारी वहीत एक आकडा चुकला. त्याने तो ब्लेडने खरवडला. शाळेचे प्रमुख कॅप्टन निंबाळकर भडकले.

"खाडाखोड? चुकलं तर एक सरळ रेघ मारायची. बाजूला बरोबर आकडा आणि सही!"

"बरं साहेब."

मंगळवारी कॉम्प्युटरवर आकडा चुकला. सखाहरीने पट्टी आणली. पडद्यावर शाईने सरळ रेघ मारली. बाजूला बरोबर आकडा. खाली सही, तारखेसकट.

"अरे शहाण्या! इथलं पुसायचं आणि नवीन घालायचं!"

"मग तसं आधी सांगायचं ना साहेब."

बुधवारी पुन्हा वहीत चूक झाली. सखाहरीने ओलं फडकं घेऊन पुसली. आकडा गेला. त्याबरोबर अख्खा जानेवारीही गेला. नशीब, कॉम्प्युटरवर सगळं होतं. कॅप्टननी दिवसभर बसून पान पुन्हा लिहून काढलं.

"म्हणून दोन्हीकडे ठेवतात!" ते म्हणाले. "वही आणि कॉम्प्युटर जुळलेच पाहिजेत. ज्याची नोंद दोन्हीकडे नाही, ते उड्डाण झालंच नाही. डोक्यात शिरलं?"

"शिरलं साहेब." आणि खरंच शिरलं.

शुक्रवारी उर्मिला शेवटचा दीड तास पुरा करायला एकटीच वर गेली. कॅप्टन जीप घेऊन तपासनीस बाईंना आणायला निघाले. जाताना वॉकीटॉकी सखाहरीच्या हातात दिला.

"ती उतरल्यावरच वेळ लिही. त्याआधी एक अक्षर नको."

"नाही लिहीत."

थोड्या वेळाने डोक्यावर मिरच्यांच्या पाट्या घेऊन गावातल्या बायका आल्या. विमान उडणार नसेल त्या दिवशी त्या धावपट्टीवर मिरच्या वाळवायच्या. तापलेल्या डांबरावर मिरची दोन दिवसांत कुरकुरीत होते.

"सखाहरीभाऊ, आज कुणी उडालंय का?" कोंडाबाईने विचारलं.

सखाहरीने वही पाहिली. कोरी. कॉम्प्युटर पाहिला. कोरा.

"कुणी नाही."

"मग वर घरघरतंय ते काय?"

"त्याची नोंद नाही."

बायकांनी मिरच्या पसरल्या.

दीड तासाने वॉकीटॉकी खरखरला. "काका! धावपट्टीवर लाल काय दिसतंय?"

"मिरच्या."

"अहो, उचला! मला उतरायचंय!"

"तू उडालीच नाहीस पोरी. दोन्हीकडे बघितलं मी."

"मग मी आहे कुठे?"

"ते तू उतरलीस की लिहितो."

"पण उतरू कशी?"

"त्यासाठी आधी उडायला लागतं."

तेवढ्यात हॉर्न वाजवत जीप आली. कॅप्टन, कोंडाबाई, बायका, सगळ्यांनी पदरात, पाटीत, टोपीत मिरच्या भरल्या. उर्मिलाने वर तीन घिरट्या घातल्या आणि शेवटी टेकली. सगळा माळ शिंकत होता.

तपासनीस बाई डोळे पुसत टेबलाशी बसल्या. कागदाखेरीज कशावर त्यांचा विश्वास नसे. सखाहरीने सुरेख अक्षरात लिहिलेली नोंद पुढे केली: 'उर्मिला गावित. उड्डाण: नाही. उतरणं: एकदा.'

बाईंनी वही वाचली. कॉम्प्युटर वाचला.

"दोन्हीकडे अगदी एकसारखं," त्या खूश होऊन म्हणाल्या. "इतक्या जुळणाऱ्या नोंदी मी आजवर पाहिल्या नाहीत." आणि त्यांनी खाली सही ठोकली.

कॅप्टननी कपाळाला हात लावला. उर्मिलाला रडू फुटलं. दीड तास होता तसाच उरला होता. सखाहरीने मायेने पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला.

"रडतेस कशाला पोरी? न उडता उतरलीस, अवघड ते झालं. आता नुसतं उडायचं राहिलंय."