तीन पिंजऱ्यांतली एक मैना

एका राज्यात कनकध्वज नावाचा राजा राज्य करीत असे. दान देण्याची त्याला मोठी हौस, पण हातातले काही सुटत नसे. त्याच्यापाशी एक मैना होती. तिच्या गळ्यात निळा मणी आणि मण्यात राजकन्या मंजुघोषेचा आवाज. कसा, ते विचारू नका, होता; मैना जे शिके ते राजकन्येच्या तोंडी येई.

दोन मित्रराजांनी मैना मागितली. राजाने ढवळी चेटकिणीला बोलावले.

"द्यायचीही आहे, ठेवायचीही आहे."

"सोपे आहे," ढवळी म्हणाली. "पिंजरे तीन, मैना एकच. जो आपल्या पिंजऱ्यात पाहील, त्याला तीच दिसेल."

तसेच झाले. एक पिंजरा राजाकडे राहिला, दोन मित्रांकडे गेले. पहिल्या मित्राच्या शिपायांनी मैनेला शिव्या शिकवल्या. इकडे आरतीच्या वेळी राजकन्येने तोंड उघडले नि म्हणाली, "ए वांगेतोंड्या, उरक की!" राजपुरोहिताच्या हातून निरांजन पडले. सारे हसले. राजा हसला नाही.

मग दुसऱ्या मित्राचा, उदरंभर राजाचा निरोप आला: "मैना फार तोंडाळ झाली. अवसेला तिचा रस्सा करणार." मैना मेली की मणी फुटणार, मणी फुटला की राजकन्या जन्माची मुकी!

राजाने घाईघाईने आपल्या पिंजऱ्याचे दार उघडून मैनेला बाहेर काढले, तिच्या जागी बुलबुल बसवला आणि म्हणाला, "सुटलो! आता तिन्हीकडे बुलबुलच!"

तेवढ्यात राजकन्येच्या तोंडून मैना ओरडली, "कसले सुटलो? मी उदरंभराकडेही आहे! इथे सुरी घासतायत!"

राजाने बदलला तो आपला पिंजरा. बाकीच्या दोन पिंजऱ्यांत मैना होतीच.

मैनेला खांद्यावर घेऊन राजकन्या ढवळीकडे गेली. "आजी, हिच्यासारखी दुसरी कर."

ढवळीने फुंकर मारली. दुसरी मैना उभी राहिली. ढवळीने पहिलीचे एक पीस उपटून पाहिले, दुसरीचे शाबूत राहिले; म्हणजे दोघी वेगळ्या. राजकन्या आनंदाने बोलायला गेली आणि तोंडून आले, "वांगेतोंड्या!"

"पोरी, पिसे नवी झाली, पण मणी तोच. दोघींच्या गळ्यांत एकच चमकतोय."

"मग मणीही दुसरा कर."

"तो मला करता येत नाही. आवाज तुझा, तूच ओत."

राजकन्या नव्या मैनेच्या चोचीशी ओठ नेऊन आईची अंगाई गाऊ लागली. शिव्या मधे आल्या, तिने गिळल्या, पुन्हा गायली. तिसऱ्या खेपेला अंगाई शेवटपर्यंत गेली. नव्या मैनेच्या गळ्यात टपकन् हिरवा मणी उमलला.

तिकडे अवस आली. उदरंभराने सुरी उचलली. जुनी मैना शिपायाच्या घोगऱ्या आवाजात गरजली, "वांगेतोंड्या! स्वतःचे पोट बघ आधी!"

इकडे राजकन्येने सवयीने तोंडावर हात धरला. काहीच आले नाही. तिने हळूच हात काढला.

"तात, तहान लागली," ती म्हणाली. आवाज तिचाच होता. राजाने स्वतः पाणी आणले, अर्धे वाटेत सांडले.

उदरंभराला जन्मात कोणी असे बोलले नव्हते. तो इतका हसला की सुरी गळून पडली. म्हणाला, "पिंजरा उघडा! आणि रस्सा वांग्याचा करा!"

तेव्हापासून कनकध्वज जे देई ते खरेच देई. त्याचे राज्य सुखी झाले, ऐकणाऱ्यांचेही होवो. बुलबुल मात्र अजून विचारतो, "मला इथे कशाला बसवलेय?"