रिकाम्या आसनापुढची झोप

“मग उरतं काय, भन्ते?”

हे खांबेटे सरांनी नूडलच्या दुकानात विचारलं, की देवळाच्या पायरीवर, ते आता त्यांना छातीठोक सांगता येत नाही. विचारलं, एवढं खरं. निदान खरं असावं. त्या दिवसातलं बरंच काही त्यांच्या मनात पाण्याखाली ठेवल्यासारखं हलतं... हात घातला की सरकतं.

शहर मात्र नक्की आठवतं. व्हिएन्तियान, लाओसची राजधानी. राजधानी म्हणायची आपली. भर दुपारी रस्त्याच्या मधोमध कुत्रं झोपलं, तर गाड्याच त्याला वळसा घालून जात होत्या.

डॉ. वामन खांबेटे यांनी पुण्यात जन्मभर पाली शिकवली होती. सत्तरी उलटून बरीच वर्षं झाली होती. बँकॉकच्या परिषदेहून परतताना त्यांनी मुद्दाम वाट वाकडी केली होती. सकाळी उतरायचं, रात्रीच्या विमानानं निघायचं. हातात एक दिवस.

विमानतळावर घ्यायला भन्ते सोणुत्तर आले होते. भगवं चीवर, खांद्याला झोळी, पायात रबरी चपला. कधीकाळी हेच भन्ते म्हणजे पवनीचा प्रल्हाद मेश्राम होते. सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचे.

भिक्षू समोर आला की गृहस्थानं वाकायचं, मग गृहस्थ वयानं कितीही मोठा असो. सरांनी हे हजारदा शिकवलं होतं. त्यांचे हात वर आलेही... अर्धे. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

“प्रवास बरा झाला ना, सर?” भन्ते म्हणाले. जणू काही राहून गेलंच नव्हतं.

पहिल्यांदा ते सिसाकेतच्या विहारात गेले. ओवरीच्या भिंतीत ओळीनं छोटे छोटे कोनाडे, पणत्या ठेवायला केल्यासारखे. प्रत्येक कोनाड्यात वीतभर बुद्ध, दोन दोन, शेजारी शेजारी. हजारोंनी.

सरांनी कॅमेरा काढला. एका कोनाड्याचा फोटो, मग पुढच्याचा, मग त्याच्या पुढच्याचा.

“किती काढसान, सर?”

“जमतील तेवढे सगळे.”

“मग पाहसान कवा?”

“घरी गेल्यावर.”

भन्ते हसले. “म्हणजे आज फक्त कॅमेऱ्याले फिरवून आणाचं आहे.”

सरांना ते लागलं. पण त्यांनी कॅमेरा खाली केला नाही. का करत नव्हते, हे त्यांनी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिथून ते मोठ्या कमानीकडे गेले. शहराच्या रुंद रस्त्यावर एकटीच उभी. भन्ते म्हणाले, विमानाच्या धावपट्टीसाठी आलेल्या सिमेंटातून ही बांधली म्हणतात, म्हणून लोक गमतीनं हिला उभी धावपट्टी म्हणतात.

“वर जाता येतं?”

“येते. पण पायऱ्या लई आहेत. आणि विहारात जेवणाची...” भन्ते थांबले.

“आलोच आहे तर जाऊ या ना. पुन्हा कुठला येतोय मी?”

“चला,” भन्ते म्हणाले.

सर टप्प्याटप्प्याला थांबत, कठड्याला धरत, धापा टाकत चढले. प्रत्येक टप्प्यावर भन्ते त्यांच्याआधी थांबत आणि उगाच बाहेर पाहत, म्हणजे सरांना आपणच थकलोय असं वाटू नये. वर वारा होता. खाली झाडंच झाडं, लाल कौलं, आणि दूर, धुरकट उन्हात, एक सोनेरी टोक.

“ते काय?”

“थाट लुआंग. इथला महास्तूप.”

“तिथे शेवटी जाऊ,” सर म्हणाले. “संध्याकाळच्या उन्हात. बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, पण तो पाहायचा.”

उतरून ते एका दुकानात शिरले. मोठ्या पातेल्यातून वाफ निघत होती. टेबलावर पुदिन्याच्या जुड्या, लिंबाच्या फोडी. सरांनी खुणेनं दोन वाडगे मागवले, आणि एक मोठ्या अगत्यानं भन्तेंच्या पुढे सरकवला.

“घ्या, भन्ते.”

भन्तेंचे हात मांडीवरच होते. “तुम्ही जेवा, सर.”

“अहो, भाजीचंच सांगितलंय.”

“ते नाही.”

“मग? घ्या हो, सकाळपासून माझ्यामागे पायपीट करताय.”

भन्ते बाहेरच्या उन्हाकडे पाहत होते.

सरांनी खायच्या काड्या उचलल्या, आणि सहज बाहेर पाहिलं. कमानीकडे जाताना फुटपाथवरच्या झाडाची सावली या दुकानाच्या पायरीवर होती. आता ती पलीकडे, रस्त्यावर पडली होती.

दुपार कलली होती.

सूर्य माथ्यावरून कलल्यावर भिक्षूनं अन्न घ्यायचं नाही. विकालभोजनाचा नियम. सरांनी तो पिढ्यान्पिढ्या शिकवला होता. प्रश्नपत्रिकेत घातला होता. प्रल्हाद मेश्रामलाही त्यांनीच शिकवला होता, आणि तेव्हा प्रल्हादनं विचारलं होतं, ‘सर, ढगाळ दिवशी कसं करायचं?’ सगळा वर्ग हसला होता. हेसुद्धा आठवलं. नियम तेवढा आठवला नाही.

सरांनी काड्या खाली ठेवल्या.

“तुम्ही बोलला का नाहीत? त्या पायऱ्या चढण्याआधी?”

“बोललो होतो अर्धं.”

“माझ्यापायी उपाशी राहिलात.”

“एका जेवणानं काय होते, सर? पवनीले याचा माझा सराव चांगला झाला होता.”

“ते नाही रे.” सरांचा आवाज बदलला. “मी विसरलो. प्रल्हाद... मी हे विसरलो.”

जुनं नाव तोंडातून गेलं. दोघांनीही ते जाऊ दिलं.

मग सरांनी सांगितलं. पुण्याचा डॉक्टर म्हणाला होता, सुरुवात आहे. घरी कळवलं नव्हतं. परवा परिषदेत बोलताना, पोरवयापासून पाठ असलेल्या सुत्ताची दुसरी ओळ आलीच नाही. ते पाणी प्यायले, कागद चाळल्यासारखं केलं, आणि तिसऱ्या ओळीवर गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा सगळ्यांच्या आलं.

“आधी नावं जातील म्हणाला. मग शब्द. मग माणसं. माझ्याजवळ दुसरं आहे काय? ना गाता येतं, ना पोहता. जे काही आहे ते पाठ केलेलं. ते गेलं की...”

पातेल्याखालचा जाळ फुरफुरला.

“मग उरतं काय, भन्ते?”

तर बहुधा इथेच विचारलं असावं.

भन्तेंनी वाडग्याकडे पाहिलं. “सर,” ते म्हणाले, “नूडल गार हून राहिल्या.”

नंतर भन्ते त्यांना फ्रा केओच्या देवळात घेऊन गेले. सिसाकेतच्या समोरच ते होतं. सकाळी सरांना ते दिसलं नव्हतं. उंच पायऱ्या, भोवती बाग, बागेत पांढरा चाफा. भन्ते म्हणाले, लाओ लोकही त्याला चंपाच म्हणतात.

बँकॉकला जी हिरवी बुद्धमूर्ती पाहायला सर दोन दिवसांपूर्वी रांगेत उभे होते, ती एके काळी इथली. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी सयामी, म्हणजे थाई, फौज ती घेऊन गेली. पुढे देऊळ जळलं, पुन्हा बांधलं. मूर्ती काही परत आली नाही.

आत, अंधारात, एक सोनेरी आसन होतं. वर काही नव्हतं.

सरांनी एक फोटो काढला. आसनाचा.

एक म्हातारी लाओ बाई आली. चपला बाहेर काढून, पदरासारखं कापड खांद्यावर नीट घेऊन ती आसनापुढे बसली. तीनदा वाकली. कपाळ जमिनीला टेकेपर्यंत. तिला कसलीच घाई नव्हती.

“तिला माहीत नाही का,” सर हलकेच म्हणाले, “की मूर्ती इथे नाही?”

“माहीत आहे. इथल्या पोराटोराले माहीत आहे.”

“मग ती वाकते कुणापुढे?”

भन्तेंनी सरांच्या कोपराला हात दिला.

“तुम्ही दमले, सर. बसा जरा.”

ते बाहेरच्या ओवरीवर बसले. काळसर झालेले ब्राँझचे बुद्ध एका रांगेत बागेकडे पाहत होते. सरही त्यांच्या रांगेत खांबाला टेकले. चाफ्याचं एक फूल पडलं. पुन्हा एक. त्यांना वाटलं, मोजावीत. मग वाटलं, नको.

पुढचं सरांना सगळ्यात स्वच्छ आठवतं.

ऊन तिरपं झालं होतं. ते स्तूपासमोर उभे होते. सगळंच सोनं होतं. स्तूप, भिंत, फरशी, भन्तेंचं चीवर, स्वतःच्या हातावरचे पिकलेले केससुद्धा. आजूबाजूला माणसं असावीत, पण आवाज नव्हता. कुठे झाड नव्हतं, तरी चाफ्याचा वास होता.

सरांनी बूट काढले. फरशी कोमट होती, नुकत्याच उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी.

कॅमेरा गळ्यात होता. त्यांनी तो काढून बुटांत ठेवला.

आणि ते वाकले. स्तूपापुढे नाही. भन्तेंपुढे. सकाळी अर्धे वर आलेले हात आता पूर्ण जोडले गेले. गुडघे टेकले, ते दुखले नाहीत. त्याचंही तेव्हा नवल वाटलं नाही. कपाळ जमिनीला लागलं, आणि परवा परिषदेत हरवलेली ती दुसरी ओळ कुणी न बोलावता आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या, संध्याकाळी गुरं घरी येतात तशा.

भन्ते नुसते उभे होते.

मग मेकाँगच्या काठचा रस्ता, पाण्यापलीकडे थायलंडचे दिवे, विमानतळाची काच. काचेपलीकडे भगवा ठिपका. तो लहान होत गेला... की सर लांब जात होते.

काही वर्षांनी सरांना नावं जड जाऊ लागली. आधी गल्ल्यांची, मग लेखकांची, मग शेजाऱ्यांची. डॉक्टर म्हणाला होता तसंच, नावांपासून सुरुवात. त्याचंही त्यांना एक विद्वत्तापूर्ण समाधान वाटे. तो दिवस मात्र ते कुणालाही सांगत. सून अनघा चहा घेऊन आली की तिला सांगत.

“आणि मग, अनघा, त्या सोनेरी स्तूपापाशी मी त्याला वाकून नमस्कार केला. माझ्या विद्यार्थ्याला. शहाणपणाची गोष्ट जन्मात एवढीच केली.”

“बाबा, हे तुम्ही काल सांगितलंत.”

“काल सांगितलं ते असंच होतं ना? काही बदल नाही ना झाला?”

एका रविवारी तिनं त्यांचे जुने फोटो संगणकावर लावून दाखवले. कोनाड्यांमागून कोनाडे. कमान. कमानीवरून धुरकट शहर. शेवटी एक रिकामं आसन.

“पुढे काहीच नाही, बाबा. स्तूप नाही यात.”

“मी कॅमेरा काढलाच नव्हता तेव्हा. बुटांत ठेवला होता.”

पण शंकेचा किडा शिरला तो शिरलाच. सर दोन दिवस जेवले नाहीत धड. एवढी एकच गोष्ट त्यांनी गाठीला बांधून ठेवली होती. तीच खोटी निघाली तर मागे कशावर हात ठेवायचा? तिसऱ्या दिवशी अनघानं स्वतःच व्हिएन्तियानला फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला.

“भन्ते... मी खांबेटे. पुण्याचा.”

“बोला, सर! तब्येत?”

“ते असू द्या. मला एक सांगा, आणि खरं सांगा. मनाला लागेल म्हणून गोड करू नका. आपण त्या स्तूपाला गेलो होतो ना? संध्याकाळी?”



“नाही, सर. गेलोच नाही.”

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुम्ही देवळाच्या ओवरीवर झोपले. उन्हं कलली तरी झोपून होते. स्तूप तर चार वाजताच बंद होते. मंग मी गाडी बोलावली, तुम्हाले उठवलं, आणि सरळ विमानतळ. गाडीतही तुम्ही झोपेतच होते.”

“उठवलं का नाहीत?” सरांचा आवाज चढला. “एकच दिवस होता माझा! माणूस एवढ्या लांब झोपायला येतो का?”

“मी रात्रपाळी करून तुमच्या वर्गात याचो, सर. शेवटच्या बाकावर झोपाचो. तुम्ही कवाच नाही उठवलं. बाजूच्यालेही हाक मारू देत नव्हते.”

सरांना हे आठवत नव्हतं. आठवून पाहिलं. नाही आठवलं.

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. अनघा दाराशी उभी होती. सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“म्हणजे तो नमस्कार,” ते म्हणाले, “मी केलाच नाही?”



“पोचला, सर.”